माझीच पहार

माझा धंदा ग्रीलचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पत्र्याचं शेड, दोन वेल्डिंग मशीन, तीन पोरं कामाला आणि दिवसभर ग्राइंडरचा आवाज. सव्वीस वर्षं झाली, लोकांच्या खिडक्यांना, गॅलऱ्यांना, जिन्यांना लोखंड बसवतोय, म्हणजे चोरांच्या जिवावरच आपलं घर चाललंय असं आमची ही चेष्टेनं म्हणायची. गेल्या वर्षीच्या मे महिन्यापासनं म्हणत नाही. मे मधे आमचंच घर फुटलं.

हे कुणालाही सांगितलं की माणूस पहिल्यांदा अरेरे म्हणतो, मग दोन सेकंद थांबतो, मग त्याला हसू येतं. येऊ दे. दुसऱ्याचं ऐकून मलापण आलं असतं.

झालं असं की गारगोटीला मेव्हण्याची वास्तुशांत होती. शुक्रवारी दुपारी निघालो, आई, मी, ही आणि धाकटा, दोन रात्री राहायचं ठरवून. रविवारी सकाळी पोह्याची प्लेट हातात होती आणि आमच्या पाठीमागच्या घरातल्या काकूंचा फोन आला. त्या गच्चीवर कुरडया वाळत घालायला गेलेल्या. "अहो, तुमचं मागचं दार उघडं दिसालंय, कोण आहे काय घरात?" मी म्हणलं नाही ओ काकू, आम्ही सगळी हितंच आहोत. तिकडं त्या गप्प, हिकडं मी गप्प. मग त्याच म्हणाल्या, "मी काय आत जात न्हाई बाबा, पोलिसांना लावतो फोन." (आमच्याकडं बायकापण लावतो, करतो, जातो असंच म्हणतात, पुण्याच्या पाहुण्यांनी हसू नये.) त्यांनी ११२ लावला आणि आत पाऊल टाकलं नाही, हे त्यांनी केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम. आत कोण अजून असेल तर पळायची वाट अडवलेला चोर काय करेल सांगता येत नाही, आणि आपल्या पावलांनी ठसे बिघडतात ते वेगळंच.

गारगोटी ते कळंबा तासा-सव्वा तासाचा रस्ता, गाडीत कुणी बोललं नाही. घरी आलो तर पुढनं सगळं जसंच्या तसं. सेफ्टी डोअर मी स्वतः केलेलं, चार सुती, म्हणजे अर्धा इंची, चौरस बार, त्याला आठ लिव्हरचं कुलूप, आत लाकडी दार, त्याला लॅच. काहीच हललेलं नाही. कुलूप उघडताना हात थरथरत होता आणि तरी मनात वेड्यासारखं एक बरं वाटत होतं, की चला, आपलं काम टिकलं.

आत गेल्यावर पहिल्यांदा आला तो वास. आजरा घनसाळचा. आईनं वर्षाचा तांदूळ भरून ठेवलेला, तो अख्खा डबा स्वयंपाकघरात उपडा केलेला, त्यावर तूरडाळ, त्यावर पोहे, त्यावर साखर. दागिने डब्यात ठेवायची युक्ती आपल्या आजीला वाटायचं तिलाच सुचलीय, पण ती महाराष्ट्रातल्या सगळ्या आज्यांना सुचलेली आहे आणि चोरांनापण आज्या असतात. डबे, देवघराच्या मागची जागा, गादीखाली, कपाटातल्या साड्यांच्या घड्या, फ्रीजर, सगळं बघून झालेलं. कपाटाचं लॉकर उचकटलेलं. गेलं काय, तर दोन तोळ्यांची चेन, हिचे कानातले, चांदीचं ताम्हण, आणि अठरा हजार रोख, जे सोमवारी पोरांचा पगार म्हणून काढून आणलेले. आईचा साज वाचला. एकवीस पानांचा, आजेसासूकडनं आलेला, खाली लाख भरलेली असल्यामुळं दिसतो त्यापेक्षा हलका, पण आईला जिवापेक्षा जड. तो वाचला कारण तो आईच्या गळ्यात होता. सव्वीस वर्षांच्या माझ्या लोखंडापेक्षा आईच्या नटायच्या हौसेनं जास्त काम केलं.

मग मी मागं गेलो.

मागं वॉशिंगची जागा आहे, तिथनं स्वयंपाकघरात यायचं दार. बिल्डरनं दिलेलं पीव्हीसीचं, आतनं एक टॉवर बोल्ट, म्हणजे सरकती कडी. बदलायचं बदलायचं म्हणत सात वर्षं गेली. बोल्टचा कोयंडा चौकटीतनं उपटून एका स्क्रूवर लोंबत होता, बाकीचे तीन फरशीवर. एक उचलून मी सवयीनं नखाला लावून बघितला. पाऊण इंच. शेडवर पोरांनी असले स्क्रू लावले तर मी आईबहिणीवरनं सुरू करतो, आणि माझ्या घरात ते चारच्या चार तसलेच. धुण्याच्या दगडावर पहार आडवी ठेवलेली. म्हणजे टाकून दिलेली नाही, काम झाल्यावर नीट ठेवलेली. टोकाला पीव्हीसीचा पांढरा भुगा. ती पहार माझी होती. नारळाच्या झाडाला आळं करायला शेडवरनं आणलेली आणि महिनाभर भिंतीला टेकवून ठेवलेली. चोर येताना काही घेऊनच आला नव्हता बहुतेक, त्याला माहीत होतं तिथं आहे.

पोलीस आले, पंचनामा झाला, ठसेवाले आले, कुत्रं आलं. कुत्रं मेन रोडपर्यंत गेलं आणि स्टॉपपाशी बसलं. कॉलनीतली सगळी पोरं त्याच्या मागनं. फिर्याद लिहून घेताना अंमलदारानं विचारलं, चोरी दिवसा झाली का रात्री? मला काय माहीत. पण कायद्यात त्यानं फरक पडतो, सूर्यास्तानंतर ते सूर्योदयाच्या आत झाली तर ती रात्रीची घरफोडी, तिला शिक्षा जास्त. पेपरात वाचून वाचून आपल्याला जुन्या दंड संहितेतलं कलम ४५७ (रात्रीची घरफोडी) आणि ३८० (घरातली चोरी) पाठ झालेलं, ते १ जुलै २०२४ पासनं भारतीय न्याय संहितेत ३३१ आणि ३०५ झालंय. शेवटी काकूंनीच सांगितलं की शनिवारी दिवे लागायच्या वेळी त्या गच्चीवरनं पापड काढायला गेल्या तेव्हा आमचं दार बंद होतं. त्यावर रात्र ठरली. नंतर कोपऱ्यावरच्या घराच्या कॅमेऱ्यात सापडलं, दोघंजण, तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, पहाटे दोन चाळीसला बोळात शिरले आणि तीन पाचला बाहेर. पळत नाहीत काही नाही. दूध आणायला निघाल्यासारखे चालत गेले.

पंचवीस मिनिटं.

त्यातली दाराला किती लागली असतील? पहारेचं टोक फटीत घालून एकदा अंग टाकलं असेल. दहा सेकंद. माझ्या डोक्यात तेव्हापासनं ही मिनिटंच फिरतायत. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक येतं आणि विचारतं, हे तुटणार नाही ना? आणि आम्ही बिनधास्त सांगतो, हत्ती बांधा. खरं सांगायचं तर माणसानं केलेलं सगळं माणसाला तोडता येतं, प्रश्न फक्त किती वेळात आणि किती आवाजात. लंडनमधे ब्रामा म्हणून कुलूपवाला होता, त्याच्या दुकानाच्या खिडकीत कुलूप आणि पाटी, जो कुणी हे किल्लीशिवाय उघडेल त्याला दोनशे गिनी बक्षीस. कित्येक वर्षं कुणाला जमलं नाही. १८५१ साली हॉब्स नावाचा अमेरिकन आला आणि त्यानं ते उघडलं, सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास बसून. लोक म्हणाले कुलूप हरलं. मला वाटतं ते कुलूप जिंकलं, कारण एक्कावन्न तास कुठल्या चोराला कोण देणार? आपल्याकडं १८९७ साली अर्देशर गोदरेज यांनी मुंबईत कुलपं करायला घेतली, तेव्हापासनं चांगलं कुलूप काय असतं हे आपल्याला माहीत आहे. गडबड कुलपात नसतेच. लोक दीड हजाराचं कुलूप घेतात आणि ते ज्यात अडकवायचं तो कडी-कोयंडा तीस रुपयांचा. चोर कुलपाला हातपण लावत नाही, कोयंड्याखाली कटावणी घालतो. पेपरात बघा, 'कुलूप तोडून' पेक्षा 'कडी-कोयंडा उचकटून' किती वेळा येतं.

म्हणून आता मी काय करतो ते सांगतो, फुकटात, गिऱ्हाईक नसलात तरी. कोयंडा लावायचा तर लाकडी स्क्रूवर लावू नका, दाराच्या आरपार बोल्ट घाला, गोल गुळगुळीत डोकं बाहेर, नट आत. बाहेरनं पान्याला पकडायलाच काही राहत नाही. चौकटीला लावायचे स्क्रू निदान अडीच-तीन इंची, म्हणजे चौकटीत खोलवर धरतील. बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला येत असतील तर त्यांची पिन वेल्ड करून टाका, दोन टाके लागतात. खिडकीचं ग्रील घेताना बारच्या जाडीवर सगळे घासाघीस करतात, पण मला कुणी कधी विचारत नाही की हे भिंतीत बसवणार कसं. भिंतीतल्या भोकात गिट्टी (स्क्रू धरणारी खुंटी) ठोकून चार स्क्रूवर टांगलेलं ग्रील चार सुती असलं काय आणि तीन सुती असलं काय, चोर बार वाकवत बसत नाही, अख्खं ग्रील उपटून बाजूला ठेवतो. भिंत फोडून होल्डफास्ट, म्हणजे ग्रीलचे लोखंडी पाय, गाडायचे आणि सिमेंटनं भरायचे, धूळ होते, रंग खराब होतो, बायको ओरडते, पण करायचं तर तसं. दोन बारमधे चार इंचाच्या वर फट नको, आणि दीड फुटाला एक आडवी पट्टी.

आणि एक गोष्ट हात जोडून. घर पूर्ण पॅक करू नका. प्रत्येक मजल्यावर निदान एका ग्रीलला उघडणारा झरोका ठेवा, आतनं कुलूप, आणि किल्ली अशा जागी की आतल्या माणसाला अंधारात सापडेल पण बाहेरनं हात घालून पोचणार नाही. चोर वर्षानुवर्षं येत नाही, शॉर्टसर्किट कधीपण होतं. किती जणांना सांगितलं, ऐकतात थोडे, कारण झरोक्याचे पैसे जास्त पडतात.

स्लायडिंग खिडक्यांचं तर हसू येतं. पडदे धुताना ज्यानं पल्ला काढलाय त्याला माहीत आहे, वर उचलला की खालच्या ट्रॅकमधनं सुटतो. चोरालापण पडदे असतात घरात. वरच्या ट्रॅकमधे दोन स्क्रू थोडे खाली लोंबते ठेवा, पल्ला उचलायला जागाच राहत नाही, आणि खालच्या ट्रॅकमधे पडद्याचा जुना रॉड मापानं कापून आडवा टाका. खर्च शून्य. कॅमेऱ्याबद्दल फार बोलत नाही, तो बघतो, अडवत नाही, आणि डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगचा डबा, टीव्हीखाली ठेवला असेल तर चोर तोपण घेऊन जातो. ठेवायचाच तर माळ्यावर कुठंतरी अडगळीत.

पण हे सगळं पहिल्या पंचवीस मिनिटांतली पाच-सात मिनिटं वाढवतं, बास. त्या मिनिटांत कुणाला ऐकू गेलं पाहिजे.

आम्ही मूळचे मंगळवार पेठेतले. तिथल्या घराचं दार आठवतं मला, दोन फळ्यांचं, वर साखळी. कुलूप म्हणजे आठ आण्याचं पितळेचं, ते पण जोतिबाला किंवा आजोळी जाताना लावायचं, आणि किल्ली शेजारी. घराच्या बाजूला तालीम. तालमीच्या कट्ट्यावर रात्री दीडपर्यंत पोरं बसलेली, फुटबॉलच्या मॅचवरनं वाद, शाहू स्टेडियमवर कुणी कुणाला पेनल्टी दिली आणि कशी ती नव्हतीच. दीडला शेवटचा गेला की साडेचारला जोर मारायला पहिला हजर. म्हणजे गल्ली झोपायची जेमतेम तीन तास. आई तेव्हा त्या दंग्याला शिव्या द्यायची, आता म्हणते तेच बरं होतं. मला तेवढं भाबडं व्हायचं नाही, तिथं पण सायकली चोरीला जायच्या, आणि कट्ट्यावरच्या एकानं एकदा आमचीच कोंबडी खाल्लेली. पण दाराला पहार लावली असती तर निदान सहा जणांनी विचारलं असतं, काय रे, काय चाललंय?

इथं कळंब्याकडं आलो तेव्हा सगळ्यात आधी मी काय केलं, तर सात फुटी कंपाउंड बांधलं. चांगलं प्लास्टर, वर काचा. एकदा भिंतीच्या आत उतरला की चोर निवांत, बाहेरनं कुणालाच दिसत नाही. भिंत मी माझ्यासाठी बांधली आणि वापरली त्यानं. आता पुढची बाजू उतरवून चार फूट केलीय आणि वर जाळी, आरपार दिसतं. पेरूचं झाड खिडकीपाशी आलेलं ते छाटलं. मागच्या बोळात माणूस आला की पेटणारा सेन्सरचा दिवा लावलाय, चार-पाचशेत येतो. रात्रभर जळणाऱ्या दिव्यापेक्षा तो बरा, अचानक उजेड झाला की काकू उठून बघतात, मांजर असलं तरी बघतात, आणि सकाळी मला मांजराचा रंगपण सांगतात. गुरख्याचं मला काय पटत नाही, तो शिट्टी वाजवत आला की चोराला कळतं तो कुठं आहे आणि परत यायला किती वेळ आहे.

या दोन दिवसांत आमचं घर बाहेरच्या माणसाला कसं दिसत असेल हे मी नंतर गेटसमोर उभं राहून बघितलं. पेपरवाल्याला नको म्हणून सांगितलेलं, म्हणून मी निर्धास्त. पण गेटला बाहेरनं साखळी आणि कुलूप, अर्ध्या किलोमीटरवरनं दिसेल असं. चोर येईल म्हणून पोर्चचा दिवा चालू ठेवलेला, तो शनिवारी भर दुपारी जळत होता. गोकुळच्या पिशव्या गेटच्या हुकला दोन. आणि जे मला काकूंनी सांगितलं, माझ्या डोक्यातपण नव्हतं, ते म्हणजे दारात सडा नव्हता. आई रोज साडेसहाला सडा मारून रांगोळी काढते, सात वर्षं एक दिवस चुकलेला नाही. शनिवारी सकाळी कॉलनीत आमच्याच दारात कोरडी धूळ. सेफ्टी डोअरचे बार किती सुती आहेत ते जवळ आल्यावर कळणार, दारातली धूळ रस्त्यावरनं सायकलनं जाताना कळते.

आता गावाला जाताना गेट आतनं लावतो आणि मागनं बाहेर पडतो, बाहेरच्या बाजूला कुलूप दिसत नाही. हॉलच्या दिव्याला टायमर आहे, सातला पेटतो, साडेदहाला विझतो. दूध बंद सांगायचं. फोटो परत आल्यावर टाकायचे, यावर धाकट्याशी अजून भांडण चालू आहे. आणि काकूंची सून आमच्या दारात पाणी मारते, दोन रेघा ओढते. आईच्या मते त्या रेघा वाकड्या असतात.

सोन्याचं थोडक्यात. साज आता बँकेच्या लॉकरमधे, वर्षातनं दोनदा बाहेर येतो, आई प्रत्येक वेळी बँकेतनं रुसून येते. १ जानेवारी २०२२ पासनं रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की लॉकर फुटलं, बँकेत चोरी झाली, आग लागली किंवा बँकेच्याच माणसानं घोटाळा केला तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभरपटीपर्यंत. म्हणजे दोन हजार भाडं असलं तर दोन लाख, साज त्याच्या वरचा असला तरी. हे लोकांना माहीत नसतं. आणि घरातल्या प्रत्येक दागिन्याचा फोटो, वजन, पावती काढून ठेवा. गुजरीतनं, म्हणजे आमच्या सराफ बाजारातनं, घेतलेल्या वडिलांच्या काळच्या चेनची पावती आमच्याकडं नव्हती. अंमलदारानं विचारलं, खूण काय? मी काय सांगणार, पिवळी आहे म्हणून? १ एप्रिल २०२३ पासनं दुकानदाराला हॉलमार्कचे दागिने सहा अक्षर-आकड्यांच्या एचयूआयडीशिवाय (दागिन्यावरचा ओळख नंबर) विकता येत नाहीत, तो नंबर लिहून ठेवला तर निदान सांगायला काहीतरी असतं. मुद्देमाल सापडला तरी कोर्टातनं सोडवताना तो आपला आहे हे आपल्यालाच दाखवावं लागतं. आमचा काही सापडला नाही म्हणा.

इथपर्यंत मी हे बऱ्याच जणांना सांगतो, दुकानात चहा पिताना. पुढचं सांगत नाही.

फिर्याद देताना विचारलं, घरी कामाला कोण कोण येतं, दुकानातली कोण घरी आलेली? मी तिन्ही पोरांची नावं सांगितली. त्यातला एक पारधी समाजातला आहे, विशीतला, वस्तीवरनं येतो. वेल्डिंगला हात असा की टाका घासायलाच लागत नाही. महिन्यापूर्वी आमच्या वॉशिंगच्या जागेवर पत्रा त्यानंच टाकलेला, म्हणजे मागचं दार त्यानं बघितलेलं, पहारपण बघितलेली. बाकीच्या दोघांची नावं मी सरळ सांगितली. त्याचं नाव सांगून आडनावाला मी थोडा थांबलो. बास, तेवढंच. एका श्वासाएवढं. अंमलदारानं मान वर केली आणि लिहिलं. मी काहीही खोटं बोललो नव्हतो.

त्याला दोन दिवस बोलावलं, सकाळी जायचं, संध्याकाळी सोडायचे. काही निघालं नाही, निघायचं नव्हतंच. कॅमेऱ्यातल्या दोघांच्या उंचीत आणि याच्यात हाताचा फरक. तोवर कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'टोळी आली आहे सावध राहा' सुरू झालेलं, त्यात भंगारवाले आले, चादरी विकणारे आले, नंदीबैलवाला आला. असल्याच मेसेजांनी २०१८ च्या १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षेकरी समाजाची पाच माणसं ठेचून मारली, हे ग्रुपवर लिहावं असं मला वाटलं, टाइपपण केलं, आणि पाठवलं नाही. कारण माझा थांबलेला श्वास मला माहीत होता.

आम्ही कोल्हापूरची माणसं. २६ जूनला दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्याला हार घालतो, भाषणं पाठ असतात. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, रोज गावात हजेरी द्यायची, न सांगता गाव सोडायचं नाही. महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात हजेरी बंद केली. फासेपारध्यांना जवळ केलं, कामं दिली, पहाऱ्यावर नेमलं. ज्यांना सगळे चोर म्हणायचे त्यांच्या हातात राखणीची काठी. देशातला कायदा जायला १९५२ उजाडलं. हे सगळं मला शाळेपासनं माहीत. आणि माझ्या शेडवरच्या पोराला मी दोन दिवस हजेरी लावली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसातला गेटवर आवाज आला. तोच. ठाण्यातनं सरळ शेडवर गेलेला, तिथनं छोटं मशीन आणि चौकटीचं मटेरियल टेम्पोत घालून आलेला. म्हणाला, "मालक, मागचं दार आज रात्री पण दोरीनंच बांधणार काय?" मी काहीतरी बोललो, आत ये, चहा घे असलं. त्यानं चहा घेतला नाही, आधी काम म्हणाला. अकरा वाजेपर्यंत बसून त्यानं लोखंडी चौकट गाडली, दार टांगलं, कडीला आरपार बोल्ट घातले. मी बॅटरी धरून उभा. बोल्ट आवळून झाल्यावर त्यानं पान्यानं दोनदा ठोकून बघितलं आणि खाली पडलेले ते जुने स्क्रू गोळा करून माझ्या हातात दिले. पगार अठरा हजारातनं द्यायचा होता तो मी उसने आणून दिला. तो विषय त्यानं काढला नाही, मीपण नाही. अजून नाही.

परवा कार्तिकात तुळजापूरला जायचं निघालं, दोन रात्री. टायमर, दिवा, काकूंची सून, सगळं ठरलेलं. तरी मीच त्याला म्हणलं, झोपायला येशील का घरी? बायकोला घेऊन ये, स्वयंपाकघर आहे, गॅस आहे. तो बघत राहिला, मग म्हणाला, येतो की. आईला सांगितल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही, मग "तुझं तू बघ" म्हणाली आणि त्याच्या बायकोसाठी डब्यात लाडू काढून ठेवले.

पहाटे पाचला गाडी दारात. तो आणि त्याची बायको येऊन उभे. मी घराची किल्ली त्याच्या हातात दिली, मागचं दार दाखवायची गरज नव्हती. त्यानं बोळात जाऊन पहार उचलून आणली, विचारलं ही कुठं ठेवू, मी म्हणलं आत, कॉटखाली. आई पायऱ्या उतरत होती, गुडघ्यामुळं एकेक करून, आणि प्रत्येक पायरीला तिच्या कमरेला खोचलेल्या कपाटाच्या किल्ल्या खळखळ वाजत होत्या. गल्लीत दुसरा काही आवाज नव्हता. त्यालापण ऐकू आलंच असणार. त्यानं पुढं होऊन तिचा हात धरला, शेवटची पायरी उतरवली आणि म्हणाला, "आज्जी, सावकाश जावा."